सायकल शर्यतींच्या आढाव्यात सहाय्यकांचीही नोंद घ्या

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

युरोपातल्या रस्त्यावरच्या सायकल शर्यती ऑक्टोबरात संपल्या की मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडा पानांवर हंगामाचे आढावे येतात. त्यात कोणी किती शर्यती जिंकल्या याच्यापुढे सहसा काही नसते. स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने २०२४ मध्ये शर्यतीच्या ५८ दिवसांत २५ विजय मिळवले. जिरो द’इटालिया व टूर द फ्रान्स या रोज एक टप्पा अशा तीन-तीन आठवड्यांच्या शर्यती आणि झुरिचची जागतिक स्पर्धा त्याने एकाच वर्षात जिंकली. पुरुषांमध्ये हे त्याच्याआधी एडी मर्क्स (१९७४) आणि स्टीफन रोश (१९८७) या दोघांनाच साधले होते. हे ठळक छापायलाच हवे. पण टूरमध्ये एका संघाचे आठ जण उतरतात आणि त्यातले बहुतेक जण दुसऱ्याला जिंकवण्यासाठी सायकल चालवतात. या सहाय्यकांचा हंगाम विजयांच्या तक्त्यात कधी दिसतच नाही.

बेल्जियमचा टिम डेक्लर्क घ्या. २०२१ च्या टूरमध्ये तो १४१ व्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर आला; विजेत्यापेक्षा पाच तासांहून जास्त मागे. त्याच टूरमध्ये त्याच्याच संघाच्या मार्क कॅव्हेंडिशने चार टप्पे आणि हिरवी जर्सी (टप्प्यांतल्या गुणांत अव्वल येणाऱ्याची) जिंकली आणि मर्क्सच्या ३४ टप्पे-विजयांच्या विक्रमाशी बरोबरी केली. या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय दोघांपैकी कोणाचाही हंगाम नीट कळणार नाही.

सपाट टप्प्यावर सुरुवातीलाच तीन-चार जण पुढे निसटतात. त्यांना लगेच पकडले तर दुसरे कोणी सुटते आणि पुन्हा पाठलाग सुरू होतो. म्हणून त्यांना दोन-तीन मिनिटे पुढे राहू द्यायचे आणि अखेरच्या पट्ट्यात गाठायचे. पाठलाग जोरात सुरू झाला की जथा, म्हणजे मागचा मुख्य घोळका, दर दहा किलोमीटरला साधारण एक मिनिट भरून काढतो, हा जुना हिशेब आहे. म्हणजे तीस किलोमीटर उरले असताना आघाडी चार-पाच मिनिटांची असेल तर स्प्रिंटरच्या, म्हणजे शेवटच्या रेषेपाशी सुसाट वेग काढणाऱ्याच्या, संघाचा दिवस बहुधा वाया गेला. ही आघाडी आटोक्यात ठेवण्यासाठी डेक्लर्क तासन्‌तास जथ्याच्या तोंडाशी वारा खात राहायचा. त्याला ‘ट्रॅक्टर’ म्हणत ते यामुळेच. दुसऱ्याच्या चाकाला चिकटून जाणाऱ्याची साधारण एक तृतीयांश ताकद वाचते, जथ्याच्या आत असलेल्याची त्याहून बरीच जास्त. ही वाचलेली ताकद स्प्रिंटर शेवटच्या दोनशे मीटरवर खर्च करतो. तिथपर्यंत त्याला नेऊन सोडण्याचे काम त्या वर्षी डेन्मार्कच्या मायकल मोर्कोव्हचे होते, आणि तेही निकालाच्या ओळीत दिसत नाही.

डोंगरात काम वेगळे असते. विजेत्याच्या वेळेत ठरावीक टक्के मिळवून त्या दिवसाची कमाल वेळ काढतात. टप्प्याची अवघडता आणि सरासरी वेग पाहून ते टक्के बदलतात. त्या वेळेत न पोचणारा स्पर्धेबाहेर. २०२१ च्या टूरमध्ये टिन्य या डोंगरातल्या गावी संपणाऱ्या नवव्या टप्प्यावर आर्नो देमार आणि ब्रायां कोकार हे दोन स्प्रिंटर असेच बाहेर गेले. कॅव्हेंडिश सुमारे दीड मिनिट राखून वाचला. अशा दिवशी सोबत्यांनी चढाच्या पायथ्याशी घाई करायची नसते. वजनदार स्प्रिंटर तिथे एकदा ताकदीच्या लाल रेषेपलीकडे गेला की पुढचे दहा किलोमीटर सावरत नाही. चढावर एकसारखा वेग धरायचा, आणि गमावलेला वेळ उतारावर व दरीतल्या सपाट रस्त्यावर आळीपाळीने पुढे येऊन भरून काढायचा.

बाटल्या आणण्याचे काम तर कुणी कामच समजत नाही. सहाय्यक संघाच्या गाडीजवळ मागे जातो, जर्सीत सहा ते आठ भरलेल्या बाटल्या कोंबतो, म्हणजे चार-पाच किलो ओझे, आणि ते घेऊन चाळीसच्या वर वेगाने चाललेल्या जथ्यातून वाट काढत पुढे येतो. उन्हाळ्यात हे दिवसातून कित्येक वेळा. ही फेरी चुकली तर नेत्याचे, म्हणजे संघ ज्याला जिंकवू पाहतो त्याचे, खाणे चुकते, कारण ते बरेचसे या बाटल्यांतूनच जाते. आज व्यावसायिक सायकलपटू ताशी ९० ते १२० ग्रॅम कर्बोदके घेतात. आतड्याची ग्लुकोज शोषण्याची मर्यादा ताशी ६० ग्रॅमच्या आसपास आहे. फ्रुक्टोजला शोषणाची वेगळी वाट असते, म्हणून दोन्ही एकत्र, साधारण १ ला ०.८ या प्रमाणात देतात. पोटाला याची सवय आठवडे-आठवडे सरावात लावावी लागते. थेट शर्यतीच्या दिवशी प्रयोग केला की पोट फुगते, मळमळते आणि शेवटच्या तासात पाय रिकामे होतात.

आपल्याकडे हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून मान मिळतो, तो मिळायलाच हवा. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर झाली आणि परदेशी संघ आपल्या रस्त्यांवर कसे चालतात ते गावोगावच्या मुलांनी पाहिले. पण आपल्या मुलांच्या डोक्यात अजून एकच मोजमाप आहे, पहिला आला की नाही. संघात जागा मिळते ती मात्र बहुतेकदा दुसऱ्याला पहिला आणता येतो का यावर.

म्हणून हंगामअखेरीच्या नोंदींविषयी तरुण सायकलपटूंना आणि त्यांच्या प्रशिक्षकांना सांगावेसे वाटते. शर्यतीचे दिवस, आजारपणाचे दिवस, सकाळची विश्रांतीची नाडी, वजन, प्रत्येक तासाला काय खाल्ले आणि कुणासाठी काम केले, एवढे वहीत हवे. नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी चढलेली, झोप तुटक आणि त्याच वॅटला (पेडलवर लावलेल्या ताकदीच्या मापाला) पाय जड, असे सलग तीन-चार दिवस दिसले तर सराव कमी करावा. अंग जड आहे म्हणून सराव वाढवणे ही सर्वांत सर्रास चूक. दुसरी चूक म्हणजे घाट चढायला सोपे जावे म्हणून जेवण तोडणे. सायकलवर शरीराचा भार हाडांवर येत नाही, त्यामुळे या खेळात हाडे आधीच कमकुवत राहण्याचा धोका असतो. त्यात उपासमार झाली की साध्या पडण्यातही हाड मोडते. मुलींमध्ये पाळी थांबणे ही याची स्पष्ट खूण आहे. ती लपवायची बाब नाही, डॉक्टरांना लगेच दाखवावे. हंगाम संपल्यावर दोन ते चार आठवडे खरी विश्रांती, मग आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम.

सायकलचीही नोंद ठेवावी. अकरा-बारा गिअरच्या चेनचा झिजमापक ०.५ टक्के दाखवू लागला की चेन बदलावी. तीच पुढे ओढली तर कॅसेटचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे) दात जातात आणि त्याचा खर्च कित्येक पट असतो. घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर, सराव करणाऱ्यांनी हँडलखालच्या बेअरिंगकडे वर्षातून एकदा तरी पाहावे. घामाचे मीठ तिथे मुरते आणि स्टिअरिंग अडकू लागते.

आपल्या क्रीडा विभागाला एक विनंती. पुढच्या आढाव्यात विजयांच्या शेजारी तीन रकाने वाढवा: शर्यतीचे दिवस, सोडून दिलेल्या शर्यती आणि त्यांचे कारण, आणि हा खेळाडू कुणासाठी राबला. पहिले दोन अधिकृत निकालांत आणि संघांच्या निवेदनांत मिळतात. तिसऱ्यासाठी वार्ताहराला पूर्ण टप्पा पाहावा लागेल, शेवटचे पाच किलोमीटर पाहून चालणार नाही.

आपला,
एक सायकल प्रशिक्षक, सांगली