रद्दीवाल्याला देण्याआधी आम्हाला निरोप द्या : बेळगाव परिसरातील महिला संस्थांच्या कागदपत्रांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

बेळगाव, शहापूर, टिळकवाडी, वडगाव, अनगोळ, तसेच खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागांतल्या महिला मंडळांची, भगिनी समाजांची, भजनी मंडळांची, शिवणवर्गांची, बालवाड्यांची, बचत गटांची आणि कामगार बायकांच्या संघटनांची जुनी कागदपत्रे एकत्र करण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे. संस्था मराठी असो, कन्नड असो की उर्दू बोलणाऱ्या बायकांची, आमच्याकडे भेद नाही. आम्हाला आधी कागद हवेत, मग हात, आणि शेवटी पैसे.

आवाहन घरोघरी पोचवण्याचे कारण साधे आहे. पुरुषांच्या संस्थेला बहुधा इमारत असे, कार्यालय असे, कारकून असे. महिला मंडळाचे कार्यालय म्हणजे चिटणीसबाईंचे माजघर, आणि दप्तर म्हणजे खजिनदारबाईंच्या कपाटातला खालचा कप्पा. मंडळ थंडावले तरी वही त्या कप्प्यातच राहिली. पुढे घराच्या वाटण्या झाल्या, वाडा पाडून तिथे अपार्टमेंट उभे राहिले, मुलगा-सून पुण्याला गेले, आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत ती वही वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर तराजूत चढली. नोंदणी कार्यालयात फार तर घटना आणि पदाधिकाऱ्यांची यादी सापडेल. मंडळाने वर्षभर काय केले, ते त्या वहीतच असते.

ठळक गोष्टी छापील इतिहासात आहेत. लंडन मिशन या ख्रिस्ती संस्थेचे लोक १८२० मध्ये बेळगावात आले. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्यात गंगूबाई हनगल लहान वयात गायल्या. त्याच अधिवेशनासाठी हुबळीच्या उमाबाई कुंदापूर यांनी गावोगाव फिरून स्वयंसेविका जमवल्या. कवयित्री इंदिरा संत बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत होत्या आणि पुढे तिथेच प्राचार्या झाल्या. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांच्या संघटनेवर १९८२ मध्ये माहितीपट निघाला. देवदासी महिलांमध्ये काम करणाऱ्या सीतव्वा जोडट्टी यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पण अधिवेशनातल्या स्वयंसेविकांपैकी बेळगावच्या कोणत्या गल्लीतून कोण गेल्या? वखारीतल्या बायकांनी युनियनची वर्गणी किती दिली, आणि ती गोळा कोण करत होते? ट्रेनिंग कॉलेजात कोणकोणत्या गावांच्या मुली शिकल्या आणि पुढे कोणत्या शाळांवर गेल्या? हे सांगणारे कागद तुमच्याकडे असू शकतात.

नेमके काय हवे? सभेच्या इतिवृत्ताची वही, म्हणजे आपण जिला प्रोसीडिंग म्हणतो ती. किर्द-खतावणी, म्हणजे जमाखर्चाच्या वह्या, पावतीपुस्तकांची स्थळप्रत, वर्गणीची वही, हजेरीपट, वार्षिक अहवाल, हिशेब तपासनिसाचा दाखला, हळदीकुंकवाची निमंत्रणे, नाटकाची हस्तपत्रके, भजनांच्या हस्तलिखित वह्या, भाषणांच्या कॅसेट, फोटो. यात आमचा पक्षपात उघड आहे : सत्काराच्या फोटोपेक्षा आम्हाला किर्द जास्त प्यारी. फोटोत पाहुणे दिसतात. किर्दीत शिवणशिक्षिकेचा पगार, भाड्याने आणलेले यंत्र, रॉकेल, खडू, अडचणीतल्या सभासदाला दिलेले उसने आणि ते परत आले की बुडाले, हे सगळे असते. म्हणून ‘यात काही विशेष नाही’ असे ठरवून वही बाजूला टाकू नका.

पुष्कळ कागदांवर साल नसते. तेवढ्यामुळे ते निरुपयोगी ठरत नाहीत, काळ काढायच्या खुणा त्यांच्यातच असतात. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, त्यामुळे तिथल्या कागदावर संस्थानचा उल्लेख असेल तर तो विलीनीकरणाआधीचा. पत्त्यात ‘मुंबई राज्य’ असेल तर १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचा, ‘म्हैसूर राज्य’ असेल तर त्या दिवसापासून ऑक्टोबर १९७३ अखेरपर्यंतचा, ‘कर्नाटक’ असेल तर त्यानंतरचा. हिशेब ३-८-० असा, म्हणजे रुपये, आणे, पै यांत मांडला असेल तर तो साधारणपणे एप्रिल १९५७ च्या आधीचा. ‘साधारणपणे’ अशासाठी की जुनी नाणी पुढे काही वर्षे चालत होती आणि हाताची सवय लगेच जात नाही. ‘नये पैसे’ दिसले तर १९५७ ते १९६४. पत्त्यात ५९० ने सुरू होणारा पिन असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचा. केंद्रीय समाज कल्याण मंडळाच्या अनुदानाचा उल्लेख असेल तर १९५३ च्या पुढचा. शके दिले असतील तर ७८ मिळवा. मात्र माघ-फाल्गुनातला, किंवा जानेवारीत आलेल्या पौषातला, कागद असेल तर ७९. शके १८७५ चा माघ म्हणजे १९५४ चा फेब्रुवारी-मार्च. इथे एक वर्षाची चूक हमखास होते.

तारीख आणि वार दोन्ही असतील तर आणखी जवळ जाता येते. समजा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या पत्रिकेवर फक्त ‘रविवार, २० जानेवारी’ आहे. हा योग १९४६, १९५२, १९५७ आणि १९६३ या वर्षी आला. खाली ‘वर्गणी चार आणे’ असेल तर १९६३ बहुधा गळते, वर ‘मुंबई राज्य’ असेल तर १९५७ गळते, आणि तिथी दिली असेल तर उरलेल्या दोन वर्षांचा निवाडा जुन्या पंचांगावरून होतो. म्हणून पत्रिकेचे पाकीट, तिकीट, मागची खरड, काहीही वेगळे करू नका. घरात जुनी पंचांगे पडून असतील तर तीही द्या.

या कामातली खरी अडचण नावांची आहे. इतिवृत्तात ‘सौ. देसाई यांनी सूचना मांडली, सौ. पाटील यांनी अनुमोदन दिले’ असे लिहिलेले असते, आणि देसाई-पाटील बेळगावात गल्लीगल्लीत. लग्नात आडनाव बदलते, पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलते. त्यामुळे एकच बाई शाळेच्या हजेरीपटात ‘कु.’ म्हणून एका नावाने, मंडळात ‘सौ.’ म्हणून दुसऱ्या नावाने आणि पुढे ‘गं. भा.’ म्हणून तिसऱ्याच ठिकाणी येते. इंदिरा संतांचे माहेरचे आडनाव दीक्षित. त्या प्रसिद्ध होत्या म्हणून हे ठाऊक आहे, मंडळातल्या बाकीच्या बायकांचे कोण सांगणार? यासाठी प्रत्येक वहीबरोबर आम्ही एक कार्ड भरून मागतो : माहेरचे नाव, सासरचे नाव, नवऱ्याचे नाव, माहेरचे गाव, बेळगावातली गल्ली, मंडळात कोणत्या साली आणि कोणत्या पदावर. निम्मे रकाने रिकामे राहिले तरी चालतील. अंदाजाने मात्र भरू नका. ‘बहुतेक’ असेल तर बहुतेकच लिहा. हे कार्ड भरण्यासाठी आजीजवळ, मावशीजवळ, वहिनीजवळ बसा, आणि जमले तर लवकर बसा. गट-फोटो असेल तर त्याची प्रत काढून प्रतीवर चेहऱ्यांना आकडे घाला. मूळ फोटोवर बॉलपेन चालवू नका, मागूनसुद्धा. पुढच्या बाजूला वळ उठतात.

आता हाताळणीबद्दल. बेळगावचा पावसाळा, त्यातही खानापूरकडचा, कागदाचा वैरी आहे, पण काळजीपोटी केलेले उपायही कमी नुकसान करत नाहीत. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका : तिचा डिंक कागदात मुरतो, काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि पिवळा डाग अक्षरांवर कायमचा राहतो. आधीच लावलेली असेल तर ओढूही नका. लॅमिनेशन तर नकोच. ते उष्णतेने चिकटते आणि परत निघत नाही. दमट वही उन्हात ठेवली तर शाई उडते आणि कागद ठिसूळ होतो, म्हणून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा. ओल्या फडक्याने पुसू नका. टाक-दौतीची आणि शाईपेनची शाई पाण्याने पसरते. धूळ काढायला मऊ केसांचा इंचभर रुंदीचा कोरडा ब्रश पुरतो, शिवणीकडून बाहेरच्या कडेकडे फिरवायचा. गंजलेली टाचणी उपटू नका. मागे प्लॅस्टिकचा पातळ तुकडा सरकवा, टाचणी त्यावर सरळ करा आणि मगच सरकवून काढा. डांबराच्या गोळ्यांनी कसर ही कीड थोडी दूर राहील, बुरशी थांबत नाही. आणि हवाबंद प्लॅस्टिक पिशवी म्हणजे बुरशीचे पाळणाघर : आतला दमटपणा आतच कोंडतो.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभेच्या काठच्या घरांत पाणी शिरले होते. पुन्हा तसे झाले तर लक्षात ठेवा, भिजलेल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरू लागते. चिकटलेली पाने सोडवत बसू नका. वही तशीच स्वच्छ पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि आम्हाला कळवा. ही पिशवी फक्त फ्रीजरसाठी. बाहेर ठेवलेल्या वहीला वर सांगितल्याप्रमाणे पिशवी नको. गोठलेली वही निवांतपणे सुकवता येते, बुरशीची वही नाही.

आम्ही वह्या जुन्या दफ्तरी पद्धतीने रुमालात बांधतो. कापड मांजरपाट, न रंगवलेले. ते साबणाशिवाय दोनदा गरम पाण्यातून काढावे लागते, कारण खळ राहिली तर कसर तीच खायला येते. नीळही नको. छत्तीस इंच पन्ह्याचे दीड मीटर कापड दोन इंच जाड वहीला पुरते. बांधायला सुती चपटी नाडी. सुतळी आणि रबरबँड कडा कापतात. पहिल्या टप्प्यात ८० वह्या धरल्या आहेत, म्हणजे १२० मीटर मांजरपाट लागेल. कापड दुकानदारांनी एखादा ठोक तागा दिला तर मोठे ओझे हलके होईल.

प्रती काढताना छापील मजकूर ३०० डीपीआय, फिकट हस्ताक्षर ४००, फोटो ६०० असे धोरण आहे. ए-फोर आकाराचे एक रंगीत पान ३०० वर साधारण २६ एमबी होते, म्हणजे दोनशे पानांची वही पाच जीबीच्या पुढे जाते. प्रत्येक वहीच्या तीन प्रती, दोन शहरात वेगवेगळ्या जागी आणि एक जिल्ह्याबाहेर. त्यासाठी ४ टीबीच्या तीन हार्ड डिस्क आणि ए-थ्री आकाराचा सपाट स्कॅनर हवा. किर्दीच्या वह्या लांबट असतात, छोट्या स्कॅनरवर कडेची बेरीज कापली जाते. वापरलेला पण चालू स्कॅनरही घेऊ. कॅसेट वाजवून पाहू नका. जुनी फीत पहिल्यांदा वाजतानाच तुटण्याचा धोका असतो, आणि ती पहिली वेळ रेकॉर्डिंगसाठी राखून ठेवायला हवी.

कागद देण्याचे मार्ग असे. कायमचे देता येतील. पंधरा दिवसांसाठी उसने देता येतील. किंवा घराबाहेर काढायचे नसतील तर आम्ही येऊन तुमच्यासमोर फोटो घेऊ. कोणताही मार्ग घ्या, पाने मोजून दोन प्रतींत पावती होईल, कोरी आणि फाटलेली पानेही मोजली जातील. कौटुंबिक तंट्यांच्या समितीचे अर्ज, देवदासी महिलांच्या याद्या, आजारपणाच्या नोंदी असे कागद वेगळ्या पाकिटात सीलबंद राहतील आणि त्यांतली नावे कुणालाही दाखवली जाणार नाहीत. असे काही असल्यास देतानाच सांगा. दुसऱ्या संस्थेचे शिक्के असलेली वही तुमच्या घरी निघाली तर संकोच करू नका, चौकशी होणार नाही.

हातांमध्ये सर्वात निकड मोडी वाचणाऱ्यांची आहे, त्यानंतर जुने कन्नड हस्ताक्षर आणि उर्दू वाचणाऱ्यांची. आठवड्याला दोन तास दिले तरी पुष्कळ. कॉलेजातल्या मुलामुलींनी कार्डे भरायला आणि पाने मोजायला यावे.

पैशांबाबत आधीच स्पष्ट करतो. आमच्याकडे ८०जी नाही, त्यामुळे प्राप्तिकरात सवलत मिळणार नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून देणगी घेता येत नाही. त्यांनी माहेरच्या फोटोंमधली नावे कळवली तर ती आम्हाला पैशाइतकीच मोलाची. बाकीच्यांनी रक्कम धनादेशाने द्यावी. वस्तू देणार असाल तर आधी विचारा, नाहीतर चार जण नाडीच पाठवतात आणि कापड कुणीच नाही.

हे आवाहन ज्यांनी तुमच्यापर्यंत पोचवले त्यांच्याकडेच नाव, गल्ली आणि सोयीची वेळ कळवा. दुपारची वेळ दिलीत तर बरे, फोटोला खिडकीचा उजेड मिळतो. आम्ही येईपर्यंत वही जिथे आहे तिथेच राहू द्या, फक्त जमिनीवर असेल तर पाटावर उचलून ठेवा आणि बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

— संकलन समिती, बेळगाव