आधी टाकीचं झाकण, मग कार्ब

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र वाचलं. आज रात्री तुझ्या दोन सिलिंडरच्या मोटारसायकलचे दोन्ही कार्ब (कार्ब्युरेटर, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणारे भाग) उतरवणार म्हणतोस, म्हणून लगेच लिहायला बसलो. कृपा करून अजून पाना लावू नकोस.

गाडी झटकन चालू होते, दहा-पंधरा मिनिटं दोन्ही सिलिंडर छान वाजतात, मग सलग वेगात डावा ढेपाळतो आणि थोडं थांबलं की पुन्हा सुरळीत. इतकं नेमकं लिहिलं आहेस की निम्मं निदान त्यातच आहे. जेट, म्हणजे कार्बमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तुंबला असता तर नुसतं थांबल्याने मोकळा झाला नसता. थांबल्यावर एक तर काहीतरी भरून येतं, नाहीतर काहीतरी थंड होतं. भरून येतो तो फ्लोट चेंबर (कार्बमधली पेट्रोलची छोटी वाटी, जिची पातळी तरंगणारा फ्लोट राखतो), थंड होते ती इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी). कॉइल तापून गेली की सिलिंडर बहुधा तडकाफडकी बंद पडतो आणि परत यायला बराच वेळ घेतो. पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी गचके देते, थ्रॉटल कमी केला की सावरते. तुझं वर्णन मला पेट्रोलचंच वाटतं. तरी दोन कॉइल आहेतच, तर डावी-उजवी अदलाबदल करून एक फेरी मार. दोष उजवीकडे गेला तर कार्बला हात लावायचं कारणच उरत नाही.

‘डावाच बंद पडतो, म्हणजे डावा कार्ब बिघडलाय’ हे मात्र मला पटत नाही. दोघांचा पुरवठा एकाच टाकीतून आहे. तो अपुरा पडला तरी दोन्ही चेंबर एकाच क्षणी रिकामे होत नाहीत. ज्याची नळी लांब किंवा ज्याची फ्लोटची पातळी जरा कमी, तो आधी उपाशी राहतो. म्हणून सुरुवात वरून कर, टाकीच्या झाकणापासून.

झाकणात हवा आत यायला बारीक वाट असते. गंजाने किंवा धुळीने ती बुजली की पेट्रोल जसजसं खाली जातं तसतसा टाकीतला दाब घटतो आणि धार मंदावते. स्ट्रॉचं वरचं टोक बोटाने दाबलं की आतलं पाणी अडून राहतं, अगदी तसं. पुढच्या वेळी डावा ढेपाळला की बाजूला थांब, इंजिन बंद कर आणि झाकण सैल कर. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच मोकळी धावली, तर शोध तिथेच संपला. भरलेली टाकी आणि तापलेलं इंजिन असताना हे जपून कर, पेट्रोल उसळू देऊ नकोस.

झाकण ठीक निघालं तर धार बघ. इंजिन थंड असताना दोन्ही नळ्या कार्बकडून सोडून सारख्या बाटल्यांत धर आणि कॉक, म्हणजे टाकीखालचा पेट्रोलचा नळ, उघड. टाकीचं झाकण लावलेलंच असू दे आणि मिनिटभरात समाधान मानू नकोस: सुरुवातीची धार नेहमीच चांगली दिसते, ती पुढे बारीक होते का ते पाहायचं आहे. कॉक इंजिनच्या व्हॅक्यूमवर (चालू इंजिनच्या ओढीवर) उघडणारा असेल तर बंद इंजिनवर पेट्रोल येणारच नाही, तो ‘प्राइम’वर, म्हणजे त्या ओढीशिवायही पेट्रोल सोडणाऱ्या खुणेवर, ठेव. आणि प्राइमवर फेरी मारल्यावर त्रास नाहीसा झाला, तर कॉकचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) किंवा त्याची व्हॅक्यूम नळी तपास. डायफ्राम फाटला असेल तर पेट्रोल त्याच नळीतून थेट सिलिंडरमध्ये ओढलं जातं. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येतो का तेही बघ.

तू हौसेने पेट्रोलच्या नळीत बसवलेल्या त्या कागदी फिल्टरवर माझा मोठा संशय आहे. असे बरेच फिल्टर पंप असलेल्या गाड्यांसाठी केलेले असतात. तुझ्याकडे पेट्रोल ढकलायला फक्त टाकीची उंची आहे. त्यात डाव्या बाजूची नळी वर वळण घेत असेल तर तिथे हवेचा बुडबुडा अडकतो. फिल्टर काढून नळ्या सरळ उतरत्या लाव आणि टाकीच्या आतली कॉकची जाळी धुऊन घे.

एवढं करूनही डावी धार भरपूर आणि डावा सिलिंडर उपाशी, असं दिसलं तरच कार्ब उघड. दोन कार्बच्या गाडीची मला आवडणारी गोष्ट हीच, की मोजमापाला उजवा शेजारीच असतो. पारदर्शक नळी ड्रेनच्या (चेंबरमधलं पेट्रोल काढून टाकायच्या) तोंडाला लावून कार्बच्या कडेने वर धर आणि पेट्रोलची पातळी गॅस्केटच्या रेषेपासून किती खाली थांबते ते दोन्हीकडे ताडून बघ. डावीकडे कमी असेल तर फ्लोट नीडल (चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) अडकते का, तिच्या टोकावर झिजेची कडा पडली आहे का, ते तपास. फ्लोटची पट्टी वाकवायची वेळ आली तर अगदी केसभरच वाकव. जेट साफ करताना स्टीलची तार घालू नकोस. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. कार्ब क्लीनर आणि हवेचा झोत पुरे.

सिंक्रोनायझेशनचं, म्हणजे दोन्ही कार्ब सारखे उघडतील असं जुळवण्याचं, विचारलं आहेस, ते सगळ्यात शेवटी. पुरवठा सारखा झाल्याशिवाय केबल जुळवल्या तर चुकीच्या जागी जुळतील.

झाकण सैल केल्यावर काय झालं आणि दोन बाटल्यांत काय फरक दिसला, तेवढं आधी कळव. पुढचं त्यावरून ठरवू.

तुझाच मित्र