बर्फाचा अंदाज सांगणारी माणसं

चंदीगड

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं होतं, "हिमस्खलनाचा अंदाज सांगायला माणूस शिकलेला तरी काय लागतो?" तेवढ्यात रेंज गेली. म्हणून लिहिते. शिवाय मला काही मागायचंही आहे, ते शेवटी.

बाबा, या कामाची ठरलेली अशी एक पदवी नाही. आमच्याकडे कोणी फिजिक्सचं, कोणी सिव्हिल इंजिनिअर, कोणी हवामानशास्त्राचं, कोणी उपग्रहाची चित्रं वाचणारं. डीआरडीओने, म्हणजे संरक्षण खात्याच्या संशोधन संघटनेने, 1969 मध्ये मनालीला आमची ही बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था काढली, तेव्हा नाव 'सासे' होतं. 2020 मध्ये दुसऱ्या एका प्रयोगशाळेबरोबर एकत्र होऊन ती 'डीजीआरई' झाली. मूळ गरज लष्कराची, त्यामुळे उंचावरच्या चौक्यांतले जवानसुद्धा बर्फाच्या नोंदी घेतात.

अमेरिकेतली गोष्ट तर बाबांना नक्की आवडेल. तिथे आल्टा नावाच्या स्कीच्या ठिकाणी हे काम उभं करणारा माँटगोमेरी ॲटवॉटर हा पेशाने लेखक, महायुद्धातून परतलेला. पुढे त्याच्या जोडीला एड लाशापेल आला. तो फिजिक्स-गणित शिकून स्वित्झर्लंडच्या डावोसला बर्फाचा अभ्यास करून आलेला. एकाने डोंगर पाहिलेला, दुसऱ्याने गणित केलेलं. आजही तिकडे कितीतरी जण स्कीच्या उतारांवर सुरक्षेची गस्त घालण्याचं (स्की पॅट्रोल) किंवा गाईडचं काम करता करता यात येतात.

दोन्ही का लागतं ते सांगते. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडा बर्फ पडतो, मग आभाळ मोकळं आणि कडाक्याची थंडी. खालची जमीन त्या मानाने ऊबदार. त्या फरकाने बर्फातली वाफ वर सरकत राहते आणि तळाचे कण साखरेसारखे सुटे होतात. पुढे त्यावर नव्या बर्फाचं ओझं आलं, की 30 ते 45 अंशांच्या उतारावर त्याला धरायला खाली काही उरत नाही. एवढं मला कागदावर मांडता येतं. पण अमक्या नाल्यात तो थर अजून आहे की गेला, हे खड्डा खणून, कण हातावर घेऊन बघणाऱ्यालाच कळतं. मीटिंगमध्ये अशी माणसं बोलायला लागली की मी गप्प बसते. खरं सांगायचं तर पीएचडीवाल्यांपेक्षा मला त्यांचाच हेवा वाटतो.

आई, 28 फेब्रुवारी 2025 ला माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांवर बर्फ कोसळला, 54 पैकी 8 जण गेले. तेव्हा तू मला सारखे फोन करत होतीस आणि मी इथे खुर्चीत सुरक्षित बसले होते. तू म्हणशील, तिथेच बस. पण नुसतं खुर्चीतून हे काम अर्धंच होतं.

म्हणून मनालीच्या गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्सचा फॉर्म भरायचं म्हणते. जवळपास महिनाभराचा आहे. त्यामुळे यंदा आखाजीला रावेरला येणं जमणार नाही. ताई येईलच, झोक्यावर माझ्या वाटचंही तीच बसेल. बाबा, तुमचा होकार कळवा. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटची प्रत लोखंडी कपाटात वरच्या फायलीत आहे, तिचा फोटो पिंट्याकडून पाठवा. आणि आई, स्वेटर विणू नकोस, इथे ऑफिसातून मिळतो. कळण्याचं पीठ मात्र पाठव.

तुमची,
माधुरी