आमच्या गाण्याच्या मॅडमना, जाहीर थँक्यू

अगं, तुला तोंडावर थँक्यू म्हटलं की तू "काय काकू" म्हणून विषय बदलतेस, म्हणून हे इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

सत्तरी उलटल्यावर गाणं शिकायचं म्हटलं की लोक फार गोड बोलतात. मुलगा म्हणाला छान, वेळ जाईल. सून म्हणाली छान. सोसायटीतले पण छानच म्हणाले. मी कशी गाते ते कुणी ऐकलंच नव्हतं पण!! तू ऐकलंस. मी जुन्या सवयीने काळी चार (पेटीवरची पट्टी, माझ्यासाठी उंच) धरली, वरच्या सा पर्यंत जाता जाता घसा फाटला आणि तू सरळ म्हणालीस, काकू बेसूर होतंय, वयाप्रमाणे आवाज खाली येतो, आपण पांढरी चार धरू. खरं सांगते, इतकं बरं वाटलं, कारण त्या दिवशी तू मला म्हातारी नाही, विद्यार्थिनी समजलीस.

मग भूप राग. आरोह-अवरोहात सा रे ग प ध एवढे पाचच स्वर, म आणि नी वर्ज्य, वाटलं पंधरा दिवसात संपवू, कसलं काय, महिनोन्महिने तोच चालला होता आणि ध वरून सा ला जाताना मी वाटेत नी ला शिवून यायचेच. तू न कंटाळता "परत" म्हणायचीस. आमच्या बॅचमधल्या बाकीच्या तिघी पण तेच म्हणायला लागल्या, आता घरी फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून बसले की नातू सुद्धा आतल्या खोलीतून ओरडतो, आजी परत!

प्रारंभिकच्या, म्हणजे गाण्याच्या पहिल्या परीक्षेला तूच बसवलंस. बाकावर आजूबाजूला आठ-नऊ वर्षांची पोरं, त्यातल्या एकीने मला विचारलं तुम्ही कुणाला सोडायला आलात. तीच नंतर माझ्याकडून तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर करून घेत होती, एक, पाच, तेराला टाळी आणि नवव्याला काल (म्हणजे टाळी न देता हात रिकामा), आज्जी तुमचा काल चुकतोय म्हणे.

आणि सवाई, पुण्यातला सवाई गंधर्व संगीत महोत्सव. 1953 पासून चालू आहे, आम्ही शनिवार पेठेत होतो तेव्हा रमणबागेतून रात्री आवाज घरात यायचा, मी पोळ्या करता करता ऐकायचे, आत कधी गेले नाही, का नाही गेले देव जाणे. गेल्या डिसेंबरला आम्ही चौघी शाली, थर्मास घेऊन मुकुंदनगरला गेलो, भारतीय बैठकीत गुडघे बोंबलत होते ते सोड. पण विलंबितात, म्हणजे संथ लयीत, गायिका समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आली तेव्हा माझा हात आपोआप मांडीवर पडला, शेजारच्या अनोळखी बाईंचा पण पडला, आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. नाव गाव काही विचारलं नाही, तिळाच्या वड्या मात्र अर्ध्या अर्ध्या खाल्ल्या. (गर्दी आणि पार्किंगबद्दल वेगळं पत्र लिहीन.)

हे सगळं तू शिकवल्याशिवाय झालं नसतं. सम माहीत नसती तर तो हात पडला नसता ना.

बरं, मंगळवारी येतेय, दुर्गा राग सुरू करायचाय. आणि एवढी वर्षं तीच फी घेतेस ते बरोबर नाही, आता इथे सगळ्यांसमोर लिहिलंय तर वाढवावीच लागेल.