वाटीतलं इंजेक्शन आणि पायरीवरची टाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूळ पेशींच्या (स्टेम सेल) इंजेक्शनावरच्या लेखाला दिलेला ‘फाटलेली शीर पुन्हा उगवणार’ हा आपल्या पुरवणीतला मथळा वाचला. तीस वर्षं शर्यतीच्या घोड्यांचे पाय तपासले, म्हणून चार ओळी.

शीर नव्हे, कंडरा. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. घोड्याच्या पुढच्या पायाची कंडरा बहुधा गाभ्यातून फाटते. सोनोग्राफीत करड्या दोरीच्या मधोमध काळं भोक दिसतं, कडा शाबूत. घोड्याच्या छातीच्या हाडातून अस्थिमज्जा काढायची, प्रयोगशाळेत मूळ पेशी दोन-तीन आठवडे वाढवायच्या आणि पडद्यावर सुई बघत त्या भोकात सोडायच्या. भोक वाटीसारखं, ओतलेलं टिकतं. माणसाच्या खांद्याची कंडरा पुष्कळदा हाडाला चिकटते तिथेच फाटते. तिथं वाटीच नाही! लेखात याचा उल्लेखही नाही.

२०१२ च्या एका अभ्यासात असे उपचार झालेल्या ११३ घोड्यांपैकी सुमारे २७ टक्के पुन्हा जायबंदी झाले. जुन्या नोंदींच्या मानाने हे कमीच. पण इंजेक्शन न देता तेवढीच विश्रांती आणि तोच व्यायाम दिलेले घोडे तुलनेला नव्हते. मग श्रेय सुईचं किती नि व्यायामाचं किती?

‘उगवणार’ हा शब्द तर खटकलाच. सोडलेल्या पेशींपैकी फार थोड्या जागेवर टिकतात. त्या दोरी विणत बसत नाहीत. सूज आवरणारे, शेजारच्या पेशींना कामाला लावणारे संदेश देतात, असं आता मानलं जातं. या पेशींचं ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ करणारे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये ते नाव बदला असं लिहिलं होतं.

पुतण्याने तेच कात्रण पाठवलं: ‘काका, घेऊ का?’ धावून धावून त्याची टाचेमागची कंडरा दुखावली आहे, तुटलेली नाही. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, १५-१५ च्या तीन फेऱ्या, सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. हा व्यायाम त्याने चौथ्याच आठवड्यात सोडला होता. घोडा बरा, लगाम दुसऱ्याच्या हातात असतो.

असे लेख छापताना पेशी कुठून काढल्या, वाढवल्या की तशाच टोचल्या, रुग्ण किती महिन्यांनी तपासले, एवढं तरी लेखकाला विचारावं ही विनंती. पुतण्याला पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरू करायला लावलं आहे.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्य