सशुल्क अभिप्राय माझ्या फोटोवर दिलेलाच नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : प्रवास छायाचित्र स्पर्धेतील सशुल्क अभिप्रायाबाबत तक्रार

महोदय,

आपल्या कंपनीच्या प्रवास छायाचित्र स्पर्धेसाठी मी एक फोटो पाठवला होता. प्रवेश शुल्क ३०० रुपये आणि 'परीक्षकांचा सविस्तर वैयक्तिक अभिप्राय' मिळावा म्हणून वेगळे ७५० रुपये भरले. बक्षीस मिळाले नाही, त्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. निवडलेले फोटो मी पाहिले, त्यातले दोन-तीन तर फारच सुंदर आहेत. तक्रार आहे ती त्या ७५० रुपयांच्या अभिप्रायाची.

फोटो जेजुरीचा आहे. ३० डिसेंबर २०२४, सोमवती अमावस्या. या दिवशी खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हेवर स्नानाला जाते आणि सगळा गड भंडाऱ्याने माखतो. गर्दीत एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते. पोराने डोळे गच्च मिटलेले, मूठ नुकती उघडलेली आणि तिच्यातून सुटलेला भंडारा आजोबांच्या टोपीवर पडतो आहे, एवढाच तो क्षण. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून मी दोन तास तिथे उभी होते.

त्यावर आलेला अभिप्राय असा : "फोटोत पिवळा रंग जास्त आहे, व्हाइट बॅलन्स दुरुस्त करावा. क्षितिजरेषा सरळ ठेवावी. सकाळी किंवा संध्याकाळी काढल्यास प्रकाश चांगला मिळेल. प्रयत्न चांगला आहे."

महोदय, भंडारा म्हणजे हळद. ती पिवळीच असते. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात दगडी दीपमाळेचा थोडा भाग आला आहे. जिथे त्यावर भंडारा बसलेला नाही, तिथे दगड राखाडीच दिसतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा समतोल, चुकला असता तर तो दगडही पिवळट दिसला असता. फोटोकडे अर्धा मिनिट पाहिले असते तरी हे लक्षात आले असते. आणि क्षितिजरेषा? माझ्या फोटोत क्षितिजच नाही. माणसे, दगड आणि हळद, बस्स. वेळेचे म्हणाल तर पालखी देवाच्या वेळेला निघते, आम्ही तिच्यासाठी थांबायचे असते.

माझ्या मैत्रिणीनेही हेच शुल्क भरले होते. तिला शेवटची तीन वाक्ये जशीच्या तशी आली आहेत. तिचा फोटो तारकर्लीच्या सूर्यास्ताचा आहे.

मला काय विचारायचे होते, ते मी अर्जातल्या चौकटीत लिहिले होते. डाव्या कडेला एका अनोळखी बाईचा हात मनगटापाशी कापला गेला आहे. तो क्रॉप करून टाकावा, की त्या हातामुळेच गर्दी जाणवते? शटर स्पीड, म्हणजे शटर उघडे राहण्याचा वेळ, १/२५० सेकंद ठेवल्यामुळे भंडारा धुरासारखा पुसट आला. १/१००० ठेवून कण न् कण टिपायला हवा होता का? यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. सहा वर्षे मी एकटीच शिकते आहे. घरचे प्रत्येक फोटोला 'छान' म्हणतात. जाणत्या माणसाने एकदा नीट बघून चूक दाखवावी, एवढ्यासाठी ते पैसे भरले होते. 'वाईट आहे' असे कारणासह सांगितले असते, तरी मी आभार मानले असते.

दोनदा ईमेल केला. दोन्ही वेळा 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' हेच उत्तर आले. निर्णयाला मी आव्हान दिलेलेच नाही. मी विकत घेतलेली सेवा मला मिळालेली नाही, एवढेच सांगते आहे.

तरी १५ दिवसांत परीक्षकांपैकी कोणीतरी माझा फोटो प्रत्यक्ष पाहून माझ्या प्रश्नांची उत्तरे लेखी द्यावीत, अन्यथा ७५० रुपये परत करावेत. माझ्या मैत्रिणीच्या बाबतीतही तेच करावे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवणार आहे. मला मात्र पैशांपेक्षा त्या हाताबद्दलचे उत्तर हवे आहे.

आपली,
एक स्पर्धक, पुणे

सोबत : शुल्काची पावती, दोन्ही अभिप्रायांच्या प्रती, फोटोची मूळ रॉ फाइल