क्रीडामंत्र्यांना खुले पत्र: तालमींची लीग कापू नका, तिच्या खालच्या पायऱ्या बांधा

प्रति,
माननीय क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरची. मंगळवार पेठेत लहानाची मोठी झाले आणि गेली २६ वर्षे शाळेत खेळ शिकवते आहे. माझे दोन्ही भाऊ तालमीच्या फुटबॉल संघातून खेळले. कोणत्या, ते मुद्दाम लिहीत नाही, कारण हे पत्र एका तालमीच्या बाजूचं म्हणून वाचलं जाऊ नये. सामना असला की आमच्या घरी भात लवकर टाकला जायचा. वडील दुपारीच शाहू स्टेडियमला जाऊन जागा धरायचे. संघ हरला तर त्या रात्री घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. हे आमच्याच घरी होतं असं नाही. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, जुना बुधवार, कुठंही विचारा, असंच ऐकायला मिळेल.

आमच्या तालमींच्या फुटबॉल लीगची रचना बदलावी का, यावर गावात बराच काळ वाद चालू आहे. खेळाडूंची नोंदणी जवळ आली की तो पुन्हा पेटतो. वरिष्ठ गटात १६ संघ फार होतात, सामने एकतर्फी होतात, हंगाम उन्हाळ्यापर्यंत लांबतो, असं एका बाजूचं म्हणणं. त्यातल्या काहींना आठच संघ हवेत. काहींना त्यापुढे जाऊन लिलाव, मालक, नवी नावं, नव्या जर्सी असं सगळं हवं आहे. दुसऱ्या बाजूला जुनी मंडळी आहेत. चाललंय तेच बरं आहे, काही हलवू नका, असं ती म्हणतात. मला दोन्ही बाजू पटत नाहीत, म्हणून हे पत्र.

लीग कशी खेळवायची हे ठरवण्याचा अधिकार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा आहे, तुमच्या खात्याचा नाही, याची मला जाणीव आहे. तो हक्क तुम्ही काढून घ्यावा असं मी म्हणणार नाही. तरीही तुम्हालाच लिहिते आहे, कारण या वादातल्या निम्म्या अडचणींचं मूळ मैदानाबाहेर आहे आणि ते सोडवणं शासनाच्या हातात आहे.

आधी तालीम म्हणजे काय ते सांगते. मुंबईतून पाहताना 'पाटाकडील तालीम मंडळ', 'दिलबहार तालीम मंडळ', 'खंडोबा तालीम मंडळ' ही नुसती क्लबांची नावं वाटतील. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं. त्या वातावरणात पेठापेठांत ज्या तालमी रुजल्या, त्यांनीच पुढे फुटबॉल उचलून धरला. लाल मातीत घुमणारी पोरं चेंडूमागे धावू लागली. तालीम गणपती बसवते, महापुरात लोकांना बाहेर काढते, आजाऱ्याला रक्त मिळवून देते आणि रविवारी अकरा पोरं मैदानात उतरवते. त्या संघाला विकत घेणारा मालक नाही. पेठेतल्या दुकानदारांची, रिक्षावाल्यांची, नोकरदारांची वर्गणीच तो संघ चालवते. अशा संघाची बोली कोण आणि कशी लावणार?

फ्रँचायझीला माझा सरसकट विरोध नाही. २०१४ साली प्रो कबड्डी आली आणि कबड्डीपटूंच्या घरी पैसा आला, हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या घरी पाहिलं आहे. जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बीचीसुद्धा सहा संघांची व्यावसायिक लीग झाली. ती पाहून माझ्या वर्गातल्या मुलांनी पहिल्यांदा रग्बी म्हणजे काय असं विचारलं, त्याचा मला आनंदच झाला. पण त्याच वर्षी देशातली सगळ्यात मोठी फुटबॉल लीग, इंडियन सुपर लीग, ठरलेल्या वेळी सुरूच होऊ शकली नाही, कारण व्यावसायिक हक्कांचा करार संपत आला होता आणि नवा झालेला नव्हता. मोठमोठ्या संघांचे खेळाडू घरी बसून राहिले. वरून टांगलेल्या गोष्टीची दोरी एकाच जागी असते. तालमीचा संघ असा एका करारावर थांबत नाही, कारण तो कराराने सुरूच झालेला नाही.

इथे थोडं दूरचं उदाहरण देते. माझा मुलगा नोकरीनिमित्त आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात राहतो. त्याच्याकडे गेले होते तेव्हा एका शनिवारी त्याने मला यंग मन्स्टर या रग्बी क्लबचा सामना पाहायला नेलं. पाऊस पडत होता. बांधावर उभे असलेले म्हातारे नावं घेऊन पोरांना ओरडत होते, तुझा बाप असा खेळला नसता, अशा सुरात. भाषा कळली नाही तरी मला शाहू स्टेडियमवर बसल्यासारखं वाटलं. लिमरिकमध्ये शॅनन, गॅरिओवेन, यंग मन्स्टर हे क्लब एकमेकांचे शेजारी आणि एकमेकांचे हाडवैरी. आमच्या पेठा जशा, अगदी तसे.

त्यांच्याकडेही फेररचनेचा वाद झाला होता. आधी प्रत्येक प्रांताच्या वेगवेगळ्या स्पर्धा होत्या. १९९० मध्ये सगळ्या देशाची मिळून क्लबांची लीग सुरू झाली. मोठ्या शहरांतले श्रीमंत क्लब लहानांना गिळतील अशी भीती होती. झालं उलटंच. पहिली नऊ वर्षे विजेतेपद मन्स्टर प्रांताबाहेर, म्हणजे लिमरिक आणि कॉर्क ज्यात येतात त्या प्रांताबाहेर, गेलंच नाही. कॉर्कच्या एका क्लबने पहिलं आणि नववं वर्ष जिंकलं, मधली सातही वर्षे लिमरिकची. त्यातली १९९५ ते १९९८ ही चार तर सलग शॅननची. डब्लिनच्या क्लबला २००० सालापर्यंत थांबावं लागलं. आज त्या लीगमध्ये पाच पायऱ्या आहेत, प्रत्येकीत दहा क्लब, आणि खालून वर, वरून खाली जाण्याची वाट उघडी आहे. शेवटच्या पायरीवरचा क्लबही लीगमध्येच असतो, त्याला कुणी 'कमी करा' म्हणत नाही.

मुलाने दुसरी बाजूही सांगितली, तीही लिहिते. १९९५ नंतर रग्बीत पगार आला, प्रांतांचे व्यावसायिक संघ उभे राहिले. मन्स्टरने २००६ आणि २००८ मध्ये युरोपचा चषक जिंकला. सगळं लिमरिक लाल जर्सी घालून त्या संघामागे गेलं आणि क्लबांच्या बांधावरची गर्दी विरळ झाली. मी पाहिलेल्या सामन्यालाही प्रेक्षक शेकड्यांतच होते. खेळाचं नाव मोठं झालं, क्लब मात्र लहान झाले. आपल्याकडे अजून शाहू स्टेडियम भरतं. ही गर्दी हेच आपलं भांडवल आहे आणि फेररचना करताना ती गमावली तर ती जाहिराती देऊन परत आणता येणार नाही.

मग बदल नकोच का? हवा. हिशेब साधा आहे. १६ संघ एकमेकांशी एकदाच खेळले तरी १२० सामने होतात, तेही मुख्यतः एकाच मैदानावर. वरचा संघ तळाच्या संघाला सात-आठ गोलांनी हरवतो तेव्हा दोन्हीकडची पोरं काही शिकत नाहीत. याच १६ संघांच्या आठ-आठच्या दोन फळ्या केल्या आणि प्रत्येक फळीत सगळे दोनदा खेळले तर ११२ सामने होतात. प्रत्येक संघाला १४ सामने मिळतात आणि बहुतेक तुल्यबळांशी. दर वर्षी दोन वर, दोन खाली. ही कल्पना कोल्हापुरात नवी नाही, तिच्यावर बोलणं झालेलं आहे. लहान संघांचा त्यावर एकच रास्त आक्षेप आहे, की मोठ्या तालमीशी सामना नसेल तर आमच्याकडे पाहायला कोण येणार आणि वर्गणी कोण देणार? त्यासाठी हंगामात एक तरी बाद फेरीची स्पर्धा सगळ्यांना खुल्या चिठ्ठ्या टाकून खेळवावी, असं मला वाटतं. तेवढ्याने आक्षेप पूर्ण मिटत नाही, हेही मान्य करते. पण संघ कमी करण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, कारण कमी झालेला प्रत्येक संघ म्हणजे पेठेतली पंचवीसएक पोरं, जी संध्याकाळी मैदानाऐवजी कुठेतरी बसतील.

खरी पोकळी मात्र त्याहून खाली आहे आणि माझं मुख्य म्हणणं तेच आहे. ईर्ष्येपोटी तालमी बाहेरून खेळाडू आणतात. गोवा, मुंबई, केरळ, पार नायजेरियापासून. आलेली पोरं गुणी असतात, पेठ त्यांना जेवू घालते, घरच्यासारखं ठेवते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वर्गणीचा मोठा हिस्सा तिकडे जातो आणि तालमीच्या बारा वर्षांच्या पोराला बूट घ्यायला पैसे उरत नाहीत. म्हणून वरिष्ठ संघ उतरवायचा तर १३, १५ आणि १७ वर्षांखालचे संघ असलेच पाहिजेत आणि मैदानातल्या अकरांत किमान तिघे त्याच तालमीच्या कुमार संघातून आलेले हवेत, असा नियम झाला तर लीग आपोआप बदलेल. नियम असोसिएशनने करावा. पण तो पाळायला लागणारं मैदान आणि प्रशिक्षक तालमीने आणायचे कुठून?

इथून पुढचं तुमच्या खात्याचं काम आहे.

पोरांना खेळायला जागा नाही. शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानात पाऊस पडला की पाणी साचतं, सांडपाणी शिरतं आणि कित्येक दिवस तिथे पाय ठेवता येत नाही. शहरात तासावर भाड्याने मिळणारे टर्फ भरपूर झाले आहेत, पण माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ते भाडं परवडत नाही आणि पाच-पाच जणांच्या जाळीत खेळून लांब पास देण्याची सवय लागत नाही. गांधी मैदानाचा निचरा एकदाच नीट करून द्या. विभागीय क्रीडा संकुलात कुमार गटाच्या सामन्यांसाठी शनिवार-रविवारच्या सकाळी राखून ठेवा. शाळांची मैदाने संध्याकाळी तालमींना उघडी करून द्या, वीज आणि पहारेकऱ्याचा खर्च शासनाने उचलावा. आमच्या शाळेचं फाटक पाच वाजता बंद होतं. पोरं गजांना धरून आतल्या गोलपोस्टकडे बघत उभी राहतात. ते मला रोज बघवत नाही.

दुसरं, कागदाचं. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. पण हे सगळं शासनाच्या यादीतल्या स्पर्धांवर चालतं. दहा वर्षे लीगमध्ये हजारो लोकांसमोर खेळलेल्या पोराच्या हाती नोकरीच्या अर्जाला जोडता येईल असा एक कागद नसतो. माझ्या थोरल्या भावाने गुडघा जाईपर्यंत चेंडू मारला आणि पुढे आयुष्यभर दुकानात हिशेब लिहिले. तो कधी तक्रार करत नाही, म्हणून ती मी करते आहे. लीगला राष्ट्रीय स्पर्धेचा दर्जा द्या असं मी म्हणत नाही. जिल्हास्तरीय लीगमध्ये ठरावीक हंगाम खेळलेल्या कुमार खेळाडूला काही गुण मिळावेत, तेवढं पुरे. पालक मुलांना मैदानातून ओढून शिकवणीला नेतात, त्याला काही अंशी तरी आळा बसेल.

आणि मुली. माझ्या शाळेच्या संघात आज १९ मुली आहेत. त्यांना वर्षाकाठी मोजके सामने मिळतात, शालेय स्पर्धेतून पहिल्या फेरीत बाहेर पडल्या की वर्ष संपलं. लीगच्या नव्या रचनेची चर्चा तासन् तास चालते, तीत मुलींचं नाव क्वचितच निघतं. शासन लीगला मदत करणार असेल तर प्रत्येक तालमीने मुलींचा किमान एक वयोगट चालवावा, ही अट त्या मदतीलाच जोडा. अट घातल्याशिवाय हे होणार नाही, हे मी इतकी वर्षे पाहून सांगते.

शासनाने मनावर घेतलं की काय होतं हे कोल्हापूरला माहीत आहे. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आमचाच. तो घडला तुमच्याच खात्याच्या पुण्यातल्या क्रीडा प्रबोधिनीत. त्यासाठी त्याला लहान वयात घर सोडून बालेवाडीला जावं लागलं. त्याच्याच वयाची जी पोरं इथे राहिली, त्यांच्यासाठी प्रबोधिनीच्या प्रशिक्षकांपैकी दोघे-तिघे आठवड्यातून काही दिवस कोल्हापुरात येऊ शकतात. तालमींमधल्या जुन्या खेळाडूंना प्रशिक्षकाचा पहिला परवाना मिळवायला फी भरून मदत करता येईल. एका वेळी १६ तालमींचे ३२ जण, एवढाच आकडा आहे.

स्टेडियमवरच्या हाणामारीबद्दल तुम्ही ऐकलं असेल. ती होते आणि मला तिची लाज वाटते. एकदा दगड माझ्या शेजारच्या बाईच्या कपाळाला लागला होता. पण गोंधळ घालणारे थोडे असतात आणि त्यांची शिक्षा संघ बंद करून पेठेला देऊ नये.

पुढच्या हंगामाची नोंदणी सुरू होण्याआधी तुम्ही एकदा कोल्हापूरला यावं, असोसिएशनचे पदाधिकारी, सोळा तालमींचे प्रतिनिधी आणि आम्हा शाळांमधल्या शिक्षकांना एकत्र बसवावं, एवढी विनंती आहे. बैठक सकाळी ठेवा, म्हणजे दुपारी शाळेच्या मैदानावर माझ्या मुलींचा सामना तुम्हाला पाहता येईल. फाटक त्या दिवशी पाचनंतरही उघडं ठेवायची परवानगी मी मुख्याध्यापकांकडून घेऊन ठेवते.

आपली नम्र,
एक क्रीडाशिक्षिका, कोल्हापूर